म्हातारपणी भान हरपते तेव्हा

श्रोतेहो, आपल्याकडे एक म्हण फार सहज वापरली जाते : साठी बुद्धी नाठी. घरातले म्हातारे माणूस काही असंबद्ध बोलले, समोर बसूनही तिथे नसल्यासारखे वागले, की ही म्हण कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडते आणि तिथेच सगळा विचार संपतो. मला आज बोलायचे आहे ते ह्या म्हणीच्या पुढचे. कारण म्हण तोंडात आली की पाय दवाखान्याकडे वळत नाहीत. मग ज्या दुखण्यावर चार-आठ दिवसांचे औषध पुरे झाले असते, तेही म्हातारपणाच्या नावावर खपून जाते.

समजा, पंचाहत्तरीचे एक आजोबा आहेत. सकाळी ओट्यावर बसून पावसापाण्याच्या गोष्टी अगदी नीट करतात. दुपारी जेवताना घास हातात तसाच राहतो, नजर भिंतीला खिळते, हाक मारली तर ओ देत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी, जणू काही झालेच नाही अशा थाटात विचारतात, "ताक आहे का गं?" दिवेलागणीला म्हणतात, "अरे, दावणीचा बैल सुटलाय, बघा." बैल तर विकून दहा वर्षे झाली! दुसऱ्या दिवशी पुन्हा शहाण्यासारखे.

आता घरात तीन मते पडतात. सून म्हणते, मामंजींचं वय झालं. शेजारची म्हातारी म्हणते, बाहेरची बाधा दिसते. मुलगा म्हणतो, बी.पी. वाढलं असेल, गोळी जास्त देऊ. तिघांचाही हेतू चांगला आहे, पण मुळातला प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. तो प्रश्न असा की, ह्या माणसाची आठवण गेली आहे, की भान गेले आहे?

ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बरं का. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची कल्पना करा. खोलीत एक कंदील आहे आणि त्याच्या उजेडात आपण कपाटातली पुस्तके वाचतो. पुस्तके म्हणजे माणसाची आठवण, त्याची बुद्धी, त्याचे शहाणपण. कंदील म्हणजे भान, म्हणजे जागेपण आणि लक्ष. पुस्तकांना वाळवी लागली तर पाने हळूहळू नाहीशी होतात, पण कंदील जळतच असतो. उलट कंदील फडफडू लागला तर पुस्तके जागच्या जागी असूनही वाचता येत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसते की, ह्याला काही आठवत नाही. पण पहिल्या दुखण्याचा मार्ग निराळा आणि दुसऱ्याचा निराळा.

पुस्तकांना वाळवी लागण्याचे जे दुखणे, त्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मराठीत आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. हे एका रोगाचे नाव नव्हे. मेंदूच्या अनेक रोगांनी ही अवस्था येते. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा रोग म्हणजे अल्झायमरचा. 1901 साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर ह्या डॉक्टरांनी ऑगस्ट नावाच्या एका्कावन्न वर्षांच्या बाईची तपासणी केली. तिची आठवण आणि समज ढासळत चालली होती. 1906 मध्ये ती वारली. तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात साचलेले डाग व तंतूंच्या गाठी पाहून त्याच वर्षी आपले निरीक्षण मांडले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच हे समजले की, ही वयाची खोड नसून मेंदूचा रोग आहे. दुसरा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होतो. तिसरा प्रकार लेवी ह्या नावाने ओळखला जातो, त्याच्याकडे मी पुढे वळणार आहे.

हे दुखणे थोडेथोडके नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठ वर्षांवरच्या शंभर माणसांत सातांहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे; म्हणजे सुमारे 88 लाख लोक. शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण अधिक आढळले, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. तेव्हा हे शहरातल्या लोकांचे दुखणे आहे असे कुणी समजू नये.

स्मृतिभ्रंशाची चाल सहसा संथ असते. महिने जातात, वर्षे जातात. आधी नुकत्याच झालेल्या गोष्टी विसरतात, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मग पैशाचा हिशेब चुकतो, ओळखीच्या वाटेवर चुकामूक होते, भाजीत मीठ दोनदा पडते. नुसता विसर म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे, हेही ध्यानात घ्या. चष्मा कुठे ठेवला हे कुणीही विसरतो. पण रोजची कामे स्वतःची स्वतःला जमेनाशी झाली, तर तो रोग समजावा.

आता कंदिलाकडे वळू. तापात माणूस बरळू लागला की आपली वडीलधारी मंडळी म्हणत, "ह्याला वात झालाय." तोच हा प्रकार. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. हा तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो. दिवसभरात कमीजास्त होतो, सकाळी बरा आणि संध्याकाळी-रात्री वाईट. लक्ष एका जागी ठरत नाही. प्रश्न विचारावा तर उत्तर अर्ध्यावर सोडून माणूस भलतीकडेच जातो. कुणी ओरडतो, अंथरूण ओढतो, उठून पळू पाहतो. पण दुसरा एक शांत प्रकार आहे आणि तोच जास्त फसवतो. त्यात म्हातारे माणूस नुसते गुंगून पडून राहते. घरचे म्हणतात, "बरं झालं, आज आजी निवांत झोपल्यात." त्या निवांत झोपलेल्या नसतात; कंदील विझू लागलेला असतो.

कंदील फडफडतो तो कशाने? कारणे पुष्कळ आहेत आणि बहुतेक साधी आहेत. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, आठ-आठ दिवसांचा मलावरोध. वैशाखाच्या उन्हात अंगातले पाणी आटणे. बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, उतरणे. दारूची जुनी सवय एकाएकी तुटणे. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या ह्या तरुणाला पचतात, पण म्हाताऱ्याचे भान घालवतात. आणि एक कारण तर आपल्या घराघरांत घडते. आजींना मधुमेह आहे, सकाळची साखरेची गोळी घेतली आहे, आणि आज एकादशी म्हणून पोटात अन्न नाही. दुपारपर्यंत रक्तातली साखर खाली उतरते. आजींना घाम फुटतो, त्या काहीबाही बोलतात, मग गुंगतात. साखर 70 च्या खाली गेली की धोका सुरू होतो. वेळीच शुद्धीवर असताना साखरपाणी दिले तर पाच-दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर येते. उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. उपास करायचाच असेल तर गोळीचे काय करायचे हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इथे एक महत्त्वाचा नियम सांगतो. कंदील फडफडत असताना पुस्तके मोजू नयेत. म्हणजे काय, तर ज्या दिवसांत वात झालेला आहे, त्या दिवसांत "ह्यांना स्मृतिभ्रंश आहे" असा शिक्का मारू नये. आधी कारण शोधून त्यावर इलाज करावा. मग काही आठवडे, कधी दोन-तीन महिने जाऊ द्यावेत आणि त्यानंतर आठवणीची परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेत आजोबा अगदी ठीक निघाले तर उत्तमच. पण बऱ्याचदा असेही होते की, आत वाळवी आधीच लागलेली असते, ती कुणाच्या लक्षात आलेली नसते, आणि एका साध्या तापाने वात होऊन ती उघडी पडते. ज्याचा मेंदू आधीच दुबळा आहे त्याला वात लवकर होतो. शिवाय एकदा वात होऊन गेलेल्या वृद्धावर पुढे नजर ठेवावी लागते, कारण त्याला स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता वाढते. म्हणून "ताप उतरला, आता काय बघायचं?" असे म्हणून सोडून देऊ नका.

वात ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. डॉ. शॅरन इनोय ह्यांनी 1990 साली ती बसवून दिली आणि आज ती जगभर वापरली जाते. तिच्यात चार गोष्टी पाहतात. हे एकाएकी सुरू झाले आणि कमीजास्त होते का? लक्ष ठरत नाही का? बोलणे असंबद्ध आहे का? माणूस गुंगलेले किंवा फाजील चळवळे आहे का? पहिल्या दोन गोष्टी आणि उरलेल्या दोहोंपैकी एक जुळली की वात समजून डॉक्टरांकडे न्यावे. लक्ष पाहायला कागद-पेन्सिलही नको. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा : रविवार, शनिवार, शुक्रवार. किंवा फाल्गुन, माघ, पौष असे महिने उलटे. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हे म्हणू शकते. मात्र कालपर्यंत जी म्हणत होती ती आज दोन वारांतच अडखळली, तर तो फरक मोलाचा आहे.

गुरुजनांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आठवणीची परीक्षा घेताना शिक्षणाचा फार परिणाम होतो. 1975 साली अमेरिकेत तयार झालेली एक प्रसिद्ध प्रश्नपत्रिका वाक्य लिहायला लावते आणि आकृती काढायला लावते. जिने आयुष्यात पाटी हातात धरली नाही तिला त्यात गुण कमी पडणारच, मग मेंदू कितीही चांगला असो. ही अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत हिंदीतून एक निराळी परीक्षा बसवली गेली आणि 1995 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात लिहिण्यावाचण्यावाचून उत्तरे देता येतात. तेव्हा कुणी तपासताना "आजी शाळेत गेल्या नाहीत" हे आधी सांगा.

येथवर आपण दिवसच्या दिवस टिकणाऱ्या गोंधळाबद्दल बोललो. पण आजोबांचा घास हातात राहतो, तो पंधरा मिनिटेच. असे झटक्याने येऊन जाणारे प्रकारही चार-पाच आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

पहिला प्रकार घेरी. माणूस उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा पांढराफटक पडला, आणि ते खाली बसले किंवा पडले. आडवे होताच बहुधा मिनिटाभरात शुद्धीवर येते आणि लगेच नीट बोलते. हे मेंदूला रक्त कमी पडल्याने होते. त्यासाठी निजलेले असताना आणि मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत असे दोनदा बी.पी. मोजावे. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर कारण सापडले. म्हणूनच मघाच्या त्या मुलाने गोळी वाढवणे घातक ठरू शकते. कदाचित कमी करायची गरज असेल. ते काम डॉक्टरांचे, आपल्या मनाने वाढवू नये आणि बंदही करू नये. बसल्या जागी किंवा निजलेले असताना घेरी आली, तर हृदयाच्या ठोक्यांत बिघाड असू शकतो. तिथे ई.सी.जी. काढलाच पाहिजे. घेरीत कधीकधी हातपाय दोन-चार झटके देतात, तेवढ्यावरून त्याला फेफरे म्हणू नये.

दुसरा प्रकार फेफऱ्याचा. फेफरे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आकडी, तोंडाला फेस, असे चित्र येते. पण म्हातारपणी येणारे फेफरे बऱ्याचदा मुके असते. डोळे उघडे, नजर शून्यात, ओठ चाटणे किंवा चावल्यासारखे करणे, धोतराचा सोगा नाहीतर पदर उगाच चाचपणे, आणि हाकेला ओ नाही. मिनिट-दोन मिनिटांत ते सरते, पण मागे राहणारा गोंधळ तासन् तास टिकू शकतो. पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांना हे अधिक होते. आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे. सकाळी झोपेतून उठताच अर्धा-एक तास आठवणच काम करत नाही. माणूस चालते-बोलते, पण तेच तेच विचारत राहते आणि नंतर त्याला त्या वेळचे काही स्मरत नाही. असे वरचेवर होऊ लागले तर त्याला सरसकट स्मृतिभ्रंश म्हणून टाकतात. वास्तविक ते फेफरेच असते आणि फेफऱ्याच्या थोड्या औषधाने बहुधा थांबते. क्वचित फेफरे आत चालूच राहते आणि माणूस तास-दोन तास किंवा दिवसभर मंद होऊन बसते. मेंदूच्या विजेचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढल्याशिवाय ते कळत नाही. मात्र एकदा काढलेला ई.ई.जी. सरळ आला म्हणून फेफरे नाहीच असेही ठरत नाही; कधी झोपेत पुन्हा काढावा लागतो.

तिसरा प्रकार डोक्यातल्या रक्तस्रावाचा. आजी मोरीत घसरल्या, डोके किंचित आपटले, टेंगूळ आले, दोन दिवसांत गेले आणि सगळे विसरले. तीन-चार आठवड्यांनी आजी मंद दिसू लागतात, कधी बऱ्या, कधी गुंगलेल्या, चालताना तोल जातो. कवटी आणि मेंदूच्या मध्ये थेंब थेंब रक्त साचून मेंदू दाबला जात असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका अधिक. सी.टी. स्कॅनमध्ये तो दिसतो, आणि कवटीला लहानसे भोक पाडून रक्त काढले की कित्येक माणसे पूर्ववत होतात. ज्या आजीला घरच्यांनी "आता काही खरं नाही" म्हणून कोपऱ्यात खाट दिली, ती पुन्हा चुलीपाशी बसून भाकरी थापू शकते. ह्यासाठी डॉक्टरांना एवढेच सांगावे लागते की, "महिन्याभरापूर्वी ह्या पडल्या होत्या." हे वाक्य सांगायला विसरू नका.

चौथा प्रकार तुम्हांला माहीत आहे. एकाएकी तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे. हे थोडा वेळ होऊन आपोआप गेले तरी तो अर्धांगाचा इशाराच असतो. इथे घड्याळ पाहावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. 108 ला फोन करा. उद्या सकाळची एस.टी. धरू नका.

आता येऊ लेवीकडे. 1912 साली फ्रिडरिख लेवी ह्यांनी कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतल्या पेशींत बारीक गोळे पाहिले. पुढे 1976 साली जपानमधल्या डॉ. केंजी कोसाका ह्यांनी दाखवून दिले की, हेच गोळे मेंदूभर पसरले तर स्मृतिभ्रंश होतो. ह्या रोगाची खासियत अशी की, इथे पुस्तके आणि कंदील दोन्ही एकाच वेळी बिघडतात. सकाळी शहाणा, दुपारी हरवलेला, असे होते. ताप नाही, साखर ठीक, रक्त ठीक, आणि तरी भान येते-जाते. सुरुवातीला आठवण बरीच चांगली असते, त्यामुळे "सोंग करतात" असा आरोपही त्यांच्यावर होतो. सोंग नसते हो ते.

ह्याच्या चार मोठ्या खुणा 2017 साली तज्ज्ञांनी पुन्हा एकदा पक्क्या केल्या. पहिली, भान आणि लक्ष ह्यांचा चढउतार. दुसरी, समोर नसलेली माणसे, मुले, जनावरे स्पष्ट दिसणे; दावणीचा सुटलेला बैल इथे आठवा. तिसरी, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे, ओरडणे, शेजारी निजलेल्याला गुद्दे बसणे. ही खूण कधी कधी कित्येक वर्षे आधी दिसते, आणि ती आजोबांना माहीत नसते, आजींना माहीत असते! चौथी, अंग ताठणे, चाल मंदावणे, हात थरथरणे. स्मृतिभ्रंशासोबत ह्यांतल्या दोन जुळल्या तर लेवीचा रोग असावा असे डॉक्टर मानतात. चढउतार ओळखायला घरच्यांना चार प्रश्न विचारतात. दिवसा सुस्ती, गुंगी असते का? रात्री झोपूनही दिवसा दोन तासांहून जास्त झोपतात का? बराच वेळ शून्यात पाहत बसतात का? मधूनच बोलणे असंबद्ध, तुटक होते का? तिनांची उत्तरे "हो" आली तर ह्या रोगाचा संशय बळावतो. ह्या रोगात बी.पी. उतरून घेरीही येते आणि मलावरोधही होतो, म्हणून कोडे आणखी अवघड बनते.

हे नाव ओळखणे का महत्त्वाचे, तर एका औषधासाठी. भास होतात म्हणून अशा रोग्याला हॅलोपेरिडॉलसारखे वेडावरचे औषध दिले, तर अंग लाकडासारखे ताठते, गिळता येत नाही, प्रसंगी जीवही जातो. सर्वांना असे होत नाही, पण होते तेव्हा फार वाईट होते. उलट रिव्हास्टिग्मिन, डोनेपेझिल अशा गोळ्यांनी ह्या रोगात भास आणि चढउतार पुष्कळदा कमी होतात. रोग मुळातून जात नाही, हे खरे. पण माणूस घरच्यांत बसून चार घास खाऊ लागते, ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायला संकोचू नका : "साहेब, हा लेवीचा प्रकार तर नसेल?"

एवढे सगळे ओळखायचे कसे? त्याची पहिली पायरी कुठल्याही यंत्रात नाही, ती घरातल्या माणसाच्या डोळ्यांत आहे. डॉक्टर आजोबांना दहा मिनिटे पाहतात आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत आजोबा शहाणे असतात. म्हणून एक शंभर पानी वही घ्या. तारीख आणि वेळ लिहा. त्या आधी काय चालले होते, उभे होते की बसलेले, जेवण आणि गोळी कधी झाली होती? डोळे उघडे की मिटलेले? चेहरा पांढरा की लाल? हात काय करत होते? हाकेला ओ दिली का? किती मिनिटे चालले, हे घड्याळ पाहून. मागाहून किती वेळाने नीट बोलले? हल्ली घरात मोबाईल असतोच. त्यावर त्या वेळचे दोन मिनिटांचे चित्र काढून ठेवा. हजार शब्दांनी कळत नाही ते त्यात डॉक्टरांना दिसते.

गुरुजी आणि बाई, इथे तुमची मदत हवी. सातवी-आठवीतल्या मुलाला अशी वही ठेवायला शिकवा. आजोबांची वही लिहिणारा नातू हा निरीक्षण म्हणजे काय ते विज्ञानाच्या तासापेक्षा अधिक शिकेल. शिवाय आजोबांना हसायचे नसते, त्यांना पाहायचे असते, हेही तो शिकेल.

दवाखान्यात जाताना वही, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून, आणि रात्रंदिवस सोबत असणारे माणूस, ह्या तीन गोष्टी न्या. मुंबईहून आलेला मुलगा खर्च करील, पण माहिती सुनेजवळ आहे. तिला बोलू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी., साखर, लघवी आणि हिमोग्लोबिन एवढे तरी पाहता येते. पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात सोडियम, मूत्रपिंड, थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्व, ई.सी.जी. आणि गरजेप्रमाणे स्कॅन व ई.ई.जी. करतात. शाकाहारी वृद्धांत बी-12 कमी असणे नवलाचे नाही, आणि त्यावर इंजेक्शन आहे. कान आणि डोळेही तपासून घ्या. ज्याला ऐकू येत नाही त्याची उत्तरे चुकतातच. मन खचले असेल, जोडीदार गेल्यावर माणूस अबोल झाले असेल, तर तेही सांगा. उदासीचा रोग स्मृतिभ्रंशासारखा दिसतो आणि तो बरा होतो. हे सारे पाहून झाल्यावर, कंदील स्थिर असताना, आठवणीची परीक्षा घ्यावी. हा क्रम उलटा करू नये.

आता काय करू नये तेही सांगितले पाहिजे. झटका आला असता तोंडात पाणी ओतू नये, दातांत चमचा घालू नये, नाकाशी कांदा किंवा जोडा धरू नये. कुशीवर वळवावे, घट्ट कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. देवऋषीकडे नेऊन मिरच्यांची धुरी देणे, मारणे, साखळीने बांधणे ह्याने भान परत येत नाही. दुबळा जीव मात्र जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणखी एक नाजूक गोष्ट आहे. ज्या दिवशी भान ठिकाणावर नाही त्या दिवशी कुठल्याही कागदावर अंगठा घेऊ नका. शेतीच्या वाटणीची घाई रोगापेक्षा जास्त घरे मोडते.

वात झालेल्या माणसाची शुश्रूषा साधी आहे. खोलीत दिवसा उजेड आणि रात्री मंद दिवा ठेवा. चष्मा डोळ्यांवर, कानाचे यंत्र कानात असू द्या. ओळखीचे एक माणूस जवळ बसवा. घोट घोट पाणी, पेज, ताक देत राहा. दिवसा उठवून बसवा, म्हणजे रात्री झोप लागेल. आणि वाद घालू नका. "बैल सुटलाय" म्हणाले तर "बैल कुठला आलाय आता!" असे खेकसण्यापेक्षा "बघून येते हं, तुम्ही बसा," असे म्हटले की भीती उतरते. सांभाळणाऱ्या माणसालाही विसावा हवा. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला दुपारी दोन तास कुणी मोकळे करील, तर तेही औषधच समजा. बोलायला कुणी हवे असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 14567 हे दोन क्रमांक लिहून ठेवा.

तर श्रोतेहो, मघाच्या त्या आजोबांना नेमके काय झाले आहे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू नये. उन्हाने सोडियम उतरले असेल, मुके फेफरे असेल, जुने पडणे डोक्यात साचले असेल, किंवा खरोखर लेवीचा रोग असेल. ह्यांतली पहिली तीन बरी होण्यासारखी आहेत आणि चौथ्यालाही आधार देता येतो. "वय झालं" हे त्यांतले एकही नाही. वय हे कारण नव्हे, ते फक्त वय आहे. ह्या आठवड्यात तुमच्या घरातल्या किंवा आळीतल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि सहज, खेळीमेळीने, वार उलटे म्हणायला सांगा. आज त्यांना किती म्हणता येतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उद्या काही बिघडले, तर तुलना करायला हातात काहीतरी असेल.